मृगयासुरक्षा : शिकाऱ्याला शिकाऱ्यापासून वाचवण्याचे शास्त्र

हरणाची शिकार करताना जिवाची काळजी कशी घ्यावी, या विषयावर अमेरिकेत पुस्तिका, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, चित्रफिती आणि सरकारी परिपत्रके यांचे एवढे विपुल वाङ्मय निर्माण झालेले आहे, की ते प्रथमच चाळणाऱ्या वाचकाचा, हरीण हा कोणीतरी नरभक्षक प्राणी असावा, असा प्रामाणिक समज व्हावा. वस्तुतः ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो ते पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्हणजे तेथील ‘व्हाइटटेल’, हे पाला, कोवळे कोंब, ओकची फळे आणि संधी मिळाल्यास शेतकऱ्याचा मका खाऊन राहणारे, आणि वाळकी काटकी मोडल्याचा आवाज होताच शेपटीची पांढरी बाजू वर करून पसार होणारे जनावर आहे. सदर वाङ्मयाचा बारकाईने अभ्यास केल्यास असे आढळते, की शिकाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टींमध्ये झाड आहे, पलीकडच्या झाडाखाली बसलेला दुसरा शिकारी आहे, स्वतःची बंदूक, स्वतःची सुरी आणि स्वतःचे हृदय आहे. हरणाचे नाव मात्र त्यांत शोधूनही फारसे सापडत नाही. तेव्हा शिकाऱ्याचे शिकाऱ्यापासून रक्षण करणे, एवढेच या शास्त्राचे खरे प्रयोजन उरते.

या शास्त्राची गरज का पडावी, हे समजण्यासाठी प्रथम संख्या पाहणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतील या हरणांची संख्या काही लाखांवर घसरली होती. पुढे कायद्याने शिकारीला हंगाम, परवाना आणि मर्यादा लागू झाल्यावर ती वाढत वाढत आज सुमारे तीन कोटींच्या घरात पोहोचली आहे, आणि लांडगा, प्यूमा यांसारखी हरणे खाणारी जनावरे बहुतेक प्रदेशांतून माणसानेच हुसकावून लावलेली असल्यामुळे, त्यांचे राहिलेले काम पार पाडण्यासाठी सरकारला दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नागरिकांना पाचारण करावे लागते. नागरिकही या हाकेला अत्यंत उत्साहाने ओ देतात. विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या कृतज्ञतेच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि त्या एका राज्यात पाच लाखांहून अधिक परवानाधारक रानात शिरतात. मिशिगनमध्ये हा मुहूर्त दरवर्षी 15 नोव्हेंबरचा असतो. वार कोणताही असो, या तिथीचा क्षय होत नाही की वृद्धी होत नाही, आणि त्या दिवशी ग्रामीण भागातील कित्येक शाळा सरळ बंद ठेवल्या जातात, कारण वर्गात शिकवायला शिक्षक नसतात आणि शिकायला विद्यार्थी नसतात. एवढी माणसे, एवढ्या बंदुका, उजाडण्यापूर्वीचा अंधूक प्रकाश आणि पुरेशी झोप न झालेली अवस्था, हे सर्व एकाच रानात एकत्र आले म्हणजे कोणाला तरी नियम करावेच लागतात.

शिकारीतील धोक्यांविषयीचा वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील व्यसनाधिकारिक नावाच्या आठव्या अधिकरणात, राजाला जडणाऱ्या व्यसनांपैकी मृगया अधिक वाईट की द्यूत अधिक वाईट, याची चर्चा आलेली असून, तेथे पिशुन नावाच्या आचार्याने मृगयेच्या विरुद्ध मत दिलेले आहे, कारण, त्याच्या म्हणण्यानुसार, तीत चोर, शत्रू, हिंस्र श्वापदे, वणवा, ठेचकाळून पडणे, दिशाभूल, भूक, तहान आणि प्रत्यक्ष प्राणसंकट इतक्या आपत्ती संभवतात. (द्यूतात त्यामानाने केवळ राज्य, बंधू आणि पत्नी गमावण्याची भीती असते.) कौटिल्य मात्र हे मत खोडून काढतो आणि मृगयेमुळे व्यायाम होतो, कफ, पित्त, मेद आणि घाम यांचा नाश होतो, स्थिर व चल अशा दोन्ही लक्ष्यांवर नेम धरण्याचा सराव होतो, शिवाय जनावरांच्या मनात काय चालले आहे याचे ज्ञान होते, असे तिचे लाभ सांगतो. अमेरिकेतील वन्यजीव विभागांची कोणतीही पुस्तिका उघडली तर तिच्या पहिल्या पानावर कौटिल्य असतो आणि उरलेल्या सर्व पानांवर पिशुन.

पिशुनाच्या आपत्तींपैकी चोर आणि शत्रू यांचा बंदोबस्त आधुनिक राज्यव्यवस्थेने केलेला आहे. परंतु त्यांच्या जागी सहकारी शिकारी नावाची नवी आपत्ती आली. तिच्यावरचा मुख्य उपाय म्हणजे नारिंगी रंग. ‘ब्लेझ ऑरेंज’ या नावाने ओळखला जाणारा हा चकाकता, पहाटेच्या धुरकट उजेडातही डोळ्यांत खुपणारा रंग निसर्गात सहसा आढळत नाही आणि नेमकी तीच त्याची पात्रता आहे. विस्कॉन्सिनने 1945 साली शिकाऱ्यांना लाल कपडे सक्तीचे केले होते. तथापि लाल रंग कमी उजेडात काळपट दिसतो आणि लाल-हिरव्यातला भेद न कळणारे रंगांध पुरुष शंभरात सुमारे आठ असतात, ही अडचण लक्षात येत गेली आणि 1980 पासून त्या राज्यात लालची जागा नारिंगीने घेतली. हा रंग अंगावर किती असावा, याचेही गणित ठरलेले आहे. विस्कॉन्सिनचा कायदा कमरेच्या वरच्या बाह्य वस्त्रांचा निदान अर्धा भाग या रंगाचा मागतो आणि टोपी घातलीच तर तिचाही अर्धा. पेनसिल्व्हेनियाचा कायदा डोके, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंचांचा हिशोब सांगतो. पोट सुटलेल्या शिकाऱ्याला ही अट पूर्ण करणे तुलनेने सोपे जाते, ही त्या कायद्याची न सांगितलेली सवलत समजावी.

येथे शिकाऱ्याच्या मनातील एक मूलभूत अंतर्विरोध उघड होतो. शिकाऱ्याला रानात कोणालाही दिसायचे नसते, कारण त्याच्या पूर्वजांनी त्याला तसेच शिकवलेले असते. सरकारला मात्र तो सर्वांना दिसायला हवा असतो. कापड उत्पादकांनी यावर जो तोडगा काढला तो व्यापारी प्रतिभेचा उत्कृष्ट नमुना होय: त्यांनी भडक नारिंगी कापडावर काळ्या फांद्या आणि पाने छापली. असे जाकीट घातलेला मनुष्य अर्ध्या मैलावरून स्पष्ट दिसतो, परंतु आपण झाडीत मिसळून गेलो आहोत, असे समाधान त्याला लाभते. 2016 साली विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने नारिंगीच्या जोडीला भडक गुलाबी रंगालाही मान्यता दिली, आणि असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. या सुधारणेमुळे अधिक स्त्रिया शिकारीकडे वळतील, असा एक युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. हातात भरलेली रायफल असलेल्या, आणि ती वर्षानुवर्षे वापरत आलेल्या, स्त्रियांना त्यांच्या आवडीचा रंग परस्पर ठरवून देण्याचे हे धाडस पाहता, सुरक्षिततेचे शिक्षण लोकप्रतिनिधींनाही द्यायला हवे, असे म्हणावेसे वाटते. अनेक शिकारी स्त्रियांनी त्यावर नापसंती व्यक्त केली, ती अर्थातच शब्दांत.

हरणाला या रंगांचे काय वाटते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. त्यामुळे नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्याला कळत नाही आणि सरकारी नियमाप्रमाणे भडकपणे नटलेला मनुष्य त्याला मळकट झुडपासारखा दिसतो. याउलट निळा रंग त्याला चांगला दिसतो आणि अतिनील किरणांच्या जवळचा प्रकाशही माणसापेक्षा अधिक जाणवतो. कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रता आणणारी जी रसायने मिसळलेली असतात ती अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकीत असल्याने, ज्याचे शिकारीचे कपडे घरच्या मंडळींनी प्रेमाने आणि भरपूर पावडर घालून धुतले असतील तो शिकारी पहाटेच्या रानात हरणासमोर जणू निळसर उजळून निघतो. म्हणून जाणकार शिकारी आपले कपडे स्वतः, वेगळ्या बिनवासाच्या साबणाने धुतो. इतर कपड्यांच्या बाबतीत हे कौशल्य त्याला दाखवता येत नाही, अशी तक्रार त्याच्या घरी ऐकू येत असल्यास नवल नाही.

रंगानंतर शिक्षण. शिकारीचे सुरक्षा-शिक्षण कायद्याने लागू करण्याचा आरंभ 1949 साली न्यूयॉर्क राज्याने अल्पवयीन शिकाऱ्यांपासून केला आणि नंतर ही पद्धत देशभर पसरली. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्याआधी जन्मलेल्यांना तो लागत नाही, यावरून 31 डिसेंबर 1972 च्या मध्यरात्रीपर्यंत जन्मलेल्या माणसांना बंदुकीचे ज्ञान उपजतच असते, असे कायद्याचे गृहीतक दिसते. अभ्यासक्रमाचे सार चार नियमांत सांगतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे; तिचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला असावे; लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करून घ्यावी; आणि गोळी झाडण्याची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावे. नियम एवढे साधे आहेत, की ते पाळण्यासाठी अभ्यासक्रम काढावा लागला, हीच मनुष्यस्वभावावरची मोठी टीका होय. तरीही त्यांचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. विस्कॉन्सिनमध्ये 1966 साली दर एक लाख शिकाऱ्यांमागे 44 जण गोळीने जखमी होत किंवा दगावत. आता हे प्रमाण जवळपास दहाव्या भागावर आलेले आहे.

चार नियमांपैकी तिसरा, लक्ष्याच्या खात्रीचा नियम, सर्वांत अवघड आहे, कारण तो हाताला लागू नसून मनाला लागू आहे. तीन दिवस थंडीत बसून हरीण न दिसलेल्या माणसाला चौथ्या दिवशी सर्वत्र हरीण दिसू लागते: खोडाचा तपकिरी तुकडा म्हणजे पाठ, हलणारी फांदी म्हणजे शिंग आणि कोणी नाक पुसायला पांढरा रुमाल काढला तर ती शेपटी. रानात पांढरा हातरुमाल बाळगू नये, असा सल्ला शिकाऱ्यांना गंभीरपणे दिला जातो आणि तो विनोद नाही. मेन राज्यात 1988 च्या नोव्हेंबरमध्ये एक तरुण आई आपल्याच घराच्या मागच्या आवारात उभी असताना शिकाऱ्याच्या गोळीने मरण पावली. तिच्या हातांत पांढरे हातमोजे होते. शिकाऱ्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्यानंतर, डोके आणि धड स्पष्ट दिसल्याखेरीज हरणावर गोळी झाडू नये, अशा आशयाचा कायदा त्या राज्याला करावा लागला.

भारतीय वाचकाला हा नियम नवा वाटू नये, कारण त्याची दोन्ही महाकाव्ये याच नियमाच्या उल्लंघनावर बऱ्याच अंशी उभी आहेत. दशरथाने केवळ पाण्याच्या आवाजावर बाण सोडला आणि श्रावण मारला गेला. शब्दवेध ही विद्या म्हणून कितीही अद्भुत असली, तरी कोणताही परवाना अधिकारी तिला उत्तीर्ण करणार नाही. पांडूने हरणांच्या जोडीवर बाण टाकला आणि ते हरीण किंदम ऋषी निघाले, हा प्रकार थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण ऋषींनी नारिंगी जाकीट घातलेले नव्हते. म्हणजे छाटी भगवी असती तरी मृगरूपात ती अंगावर राहिली नसावी. जरा नावाच्या व्याधाने झाडीत हरीण समजून बाण मारला तो श्रीकृष्णाच्या पायाला लागला. परीक्षित राजाची चूक वेगळ्या सदरात मोडते: जखमी हरणाचा माग काढत तो दूरवर गेला, सोबत पाणी नव्हते, तहानेने संतापून त्याने मौन धरलेल्या शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला आणि त्यातून पुढे तक्षकदंशापर्यंतचे सारे प्रकरण उद्भवले. पाण्याची बाटली बाळगा, ही सूचना आजच्या प्रत्येक पुस्तिकेत असते. तिच्या अभावी राजघराणे कसे धोक्यात येते, हे मात्र एकाही पुस्तिकेत दिलेले नाही.

पद कितीही उंच असले तरी नियम सुटत नाही, याचे आधुनिक उदाहरण अमेरिकेच्या उपाध्यक्षांनी घालून दिले. 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्सासमधील एका खासगी कुरणावर डिक चेनी हे लाव्यांची शिकार करीत असताना (लावा हा पक्षी आहे, हरीण नव्हे, पण येथे प्रश्न नेमाचा आहे), उडणाऱ्या पक्ष्यामागे बंदूक फिरवता फिरवता त्यांनी आपल्या 78 वर्षांच्या वकील मित्राच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर छर्रे झाडले. मित्राच्या अंगावर नारिंगी जाकीट होते. एक छर्रा हृदयापर्यंत पोहोचून त्याला हृदयविकाराचा सौम्य झटकाही आला. चौकशीत, उपाध्यक्षांच्या परवान्यावर आवश्यक तो सात डॉलरचा शिक्का नव्हता असे आढळले आणि त्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. पुढे रुग्णालयातून बाहेर पडलेल्या मित्राने पत्रकारांसमोर, या प्रकरणी चेनी आणि त्यांच्या कुटुंबाला जो त्रास सोसावा लागला त्याबद्दल खेद व्यक्त केला. अंगात छर्रे असलेल्या माणसाने ते घालणाऱ्याची क्षमा मागावी, ही सौजन्याची परिसीमा होय आणि ती सुरक्षेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवली जात नाही.

दुर्बिणीच्या उपयोगाबाबतचा एक दंडक येथेच नोंदवायला हवा. रायफलीवर जी दुर्बीण बसवलेली असते तिच्यातून रानातली हालचाल न्याहाळण्याचा मोह शिकाऱ्याला होतो. परंतु दुर्बीण जिकडे तिकडेच नळी, हे उघड असल्याने, पलीकडे कोण आहे हे पाहणे म्हणजे पलीकडच्यावर बंदूक रोखणे होय. पलीकडचाही शिकारीच असतो आणि इकडे कोण आहे हे पाहण्यासाठी त्याच्यापाशीही तेच साधन असते. अशा वेळी दोघांमध्ये जी ओळख होते ती फार काळ टिकण्याजोगी नसते. म्हणून पाहण्याची दुर्बीण गळ्यात वेगळी असावी, असा आग्रह धरला जातो. हाक्याच्या शिकारीत, म्हणजे काहींनी ओळीने चालत हरणे उठवायची आणि बाकीच्यांनी पुढे दबा धरून ती टिपायची या पद्धतीत, हा धोका सर्वाधिक वाढतो, कारण पळते हरीण नेमके हाकारे आणि बंदूकधारी यांच्या मधून जाते आणि शक्तिशाली रायफलीची गोळी, कशाला लागली नाही, तर काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. हरीण स्वतः मात्र अशा वेळी खाली वाकून, दिशा बदलून सटकते. या सर्व मंडळींमध्ये कोणताही अभ्यासक्रम न केलेले तेच एकटे असते.

एवढे असूनही, शिकाऱ्याला सर्वाधिक इजा करणारी वस्तू बंदूक नाही. तो मान झाडाकडे जातो. अमेरिकेतील हरीणशिकारी बहुधा मचाणावर, म्हणजे खोडाला बांधलेल्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या लहानशा बैठकीवर, जमिनीपासून पंधरा ते वीस फूट उंचीवर बसतो, कारण हरणाला सहसा वर पाहण्याची सवय नसते आणि माणसाचा वासही वरच्या वर निघून जातो. आपल्याकडे मचाण बांधले जाई ते वाघापासून जीव वाचवण्यासाठी. तिकडे हरणापासून लपण्यासाठी शिकारी वीस फूट चढतो आणि खाली पडून हाडे मोडून घेतो. चढाई पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात, दवाने किंवा बर्फाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून होते. अंगावर चार थर कपडे, पायांत पायरी न जाणवणारे जाड बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत कॉफीचा थर्मास, हात शेकण्याच्या पुड्या आणि न्याहारी, असा जामानिमा असतो. आणि या साऱ्यासह, तरुणपणी आपण कसे सरसर चढत होतो, ही आठवणही तो वर घेऊन जात असतो. बंदूक मात्र सोबत न्यायची नसते. ती रिकामी करून, दोरीला बांधून जमिनीवर ठेवायची आणि वर बसल्यावर ओढून घ्यायची, तीही नळीचे तोंड खाली करून, असा नियम आहे. हा नियम ज्याने प्रथम लिहिला त्याने भरलेली बंदूक नळी वर करून ओढणारा कोणीतरी पाहिलेला असणार.

पडण्यावर उपाय म्हणून संपूर्ण अंगाला बसणारे पट्टे, म्हणजे हार्नेस, मिळतात. नामांकित उत्पादक ते मचाणासोबतच देतात आणि पुष्कळदा ते मचाणाच्या खोक्यातच सुखरूप राहतात. जे शिकारी ते वापरतात, त्यांच्यातील बरेच जण वर पोहोचल्यावर स्वतःला खोडाशी बांधतात. प्रत्यक्षात पडण्याचे प्रसंग मुख्यतः चढता-उतरताना आणि पायरीवरून बैठकीवर पाय टाकताना येतात. म्हणून जमिनीपासून वरपर्यंत एक दोर सोडून, त्यावरच्या सरकत्या गाठीला हार्नेस अडकवूनच पाय उचलावा, असे तज्ज्ञ सांगतात. बरे, हार्नेसने पडणे थांबले म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. पट्ट्यांत लटकत राहिलेल्या माणसाचे रक्त पायांत साकळते आणि फार वेळ सुटका न झाल्यास तेही प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे लटकल्यानंतर पाय टेकवून उभे राहण्यासाठी आणखी एक पट्टा बाळगावा लागतो. पट्ट्याचा धोका टाळण्यासाठी पट्टा, अशी ही अनवस्था आहे. नैयायिकांनी तिला दोष मानले, सुरक्षातज्ज्ञांनी तिला उपकरण मानले. शिवाय आपण कोणत्या झाडावर आहोत आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवावे, म्हणजे निदान शोधणाऱ्यांना रानातल्या प्रत्येक झाडावर पाहत हिंडावे लागत नाही.

आता कौटिल्याच्या मेदनाशाकडे वळता येईल. शिकार हा व्यायाम आहे, हे त्याचे मत मिशिगनमधील हृदयरोगतज्ज्ञांनी वेगळ्या अर्थाने सिद्ध केले. त्यांनी मध्यमवयीन शिकाऱ्यांच्या छातीवर हृदयाची नोंद घेणारी यंत्रे बसवून त्यांना रानात पाठवले, तेव्हा कित्येकांच्या हृदयाचे ठोके धावपट्ट्यावर दमेपर्यंत पळवल्यावर जितके वाढले होते त्याहूनही वर गेल्याचे दिसले. काहींच्या बाबतीत यासाठी चालण्याचीही गरज पडली नाही. हरीण नुसते दिसणे पुरेसे ठरले. हात थरथरणे, श्वास अडकणे आणि समोर उभ्या असलेल्या हरणाकडे पाहत चापच न ओढणे, या अवस्थेला तिकडे ‘बक फीवर’, म्हणजे नर-हरणाचा ताप, म्हणतात. खरी परीक्षा गोळी लागल्यानंतर होते. वर्षभर कार्यालयातील खुर्चीवर बसलेला पन्नाशीचा गृहस्थ पन्नास-साठ किलोचे मेलेले हरीण शिंगांना धरून बर्फातून अर्धा मैल ओढू लागतो. कालपर्यंत शिबिरात पत्ते, बीअर आणि तळलेले सॉसेज यांवर त्याची तयारी झालेली असते. त्या क्षणी हरणाची बाजू, मेल्यावर का होईना, प्रथमच थोडी वरचढ होते.

हरणाला जवळ आणण्याच्या युक्त्यांनी या शास्त्राला आणखी एक प्रकरण जोडले आहे. दोन शिंगे एकमेकांवर आपटून नरांच्या झुंजीचा आवाज काढणे, नळीत फुंकून हरणासारखे घुरघुरणे, मादीच्या मूत्राची कुपी विकत आणून तिचे थेंब झाडाखाली शिंपडणे (रोगप्रसाराच्या भीतीने काही राज्यांनी आता यावर बंधने आणली आहेत), आणि हरणाची हुबेहूब प्रतिकृती गवतात उभी करणे, या चारही कला तेथील दुकानांत साहित्यासह उपलब्ध आहेत. हरणाचा आवाज काढत, हरणाचा वास जवळ बाळगून, हरणाचा पुतळा खांद्यावर घेऊन, हरीण मारण्याचा परवाना असलेल्या लाखो लोकांच्या रानातून पहाटे चालत जाणारा हा मनुष्य म्हणजे मृगयासुरक्षेच्या विद्यार्थ्यासाठी एक संपूर्ण पाठ्यपुस्तक होय. पुतळा नेताना तो नारिंगी कापडात गुंडाळावा आणि मारलेले हरीण ओढून आणताना त्याच्या शिंगांनाही नारिंगी फडके बांधावे, असा उपाय सांगितला आहे. म्हणजे जिवंतपणी ज्या सुरक्षेचा हरणाला कधी लाभ झाला नाही, ती त्याला मरणोत्तर मिळते.

सुरी, गोचीड आणि थंडी यांची चर्चा थोडक्यात आटोपता येईल. हरीण सोलताना बोथट सुरीने अधिक जखमा होतात, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो. पाते नेहमी स्वतःपासून दूर चालवावे. हरणाच्या अंगावरील विशिष्ट गोचिडीपासून लाइम रोग होतो. ओला सुती कपडा अंगाची ऊब शोषून घेतो म्हणून लोकर घालावी. आणि दारू शिकार आटोपून बंदूक कुलूपबंद झाल्यावर घ्यावी, या नियमाला सर्व शिकारी मनापासून अनुमोदन देतात, विशेषतः इतरांच्या बाबतीत.

हरीण माणसाचा खरोखर जीव घेते ते रस्त्यावर. नोव्हेंबर हा त्यांच्या माजाचा काळ असल्यामुळे नर कशाचेही भान न ठेवता माद्यांमागे धावत असतात आणि अमेरिकेत वर्षभरातील हरीण-मोटार टकरींचा उच्चांक याच महिन्यात होतो. अशा अपघातांत दरवर्षी सुमारे दोनशे माणसे मरतात. शिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मरणाऱ्यांपेक्षा ही संख्या मोठी आहे. शिकारी ज्या वेळी रानाकडे गाडी हाकत असतो, म्हणजे नेमके उजाडण्यापूर्वी, तीच वेळ या टकरींनाही अनुकूल असते. हरीण आडवे आले तर चाक न वळवता सरळ ब्रेक दाबावा आणि एक गेले म्हणजे मागून दुसरे येणारच असे समजावे, हा सल्ला साऱ्या मृगयाशास्त्रात बहुधा सर्वांत उपयुक्त असून, त्यासाठी शिकारी असण्याचीही आवश्यकता नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार बंद असल्यामुळे महाराष्ट्रातील वाचकाला यातील बहुतेक नियमांची गरज पडणार नाही, आणि ज्याला पडेल त्याला सुरक्षातज्ज्ञाऐवजी वकिलाची अधिक पडेल. मात्र डेट्रॉइटच्या आसपास मोटार उद्योगात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे दिवाळीच्या सुमारास पुण्या-नागपुराहून आई-वडील येतात, आणि मुलगा कामावर गेला, की वडील तपकिरी शाल आणि पांढरी कानटोपी घालून, काल सापडलेल्या छान पायवाटेने जवळच्या सरकारी रानात फिरायला निघतात. व्हाइटटेल हरणाचे याहून तंतोतंत सोंग कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. अशा घरांना एवढीच विनंती, की नारिंगी जाकीट शिकारी नसलेल्यांनाही घालता येते, ते थोड्या डॉलरांत मिळते आणि सोबत कुत्रे असेल तर त्याच्या मापाचेही मिळते. शिवाय मिशिगनमधला मुख्य हंगाम 30 नोव्हेंबरला संपला तरी डिसेंबरात नळीच्या तोंडातून दारू भरण्याच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो, तेव्हा वडिलांची पांढरी कानटोपी नवे वर्ष उजाडेपर्यंत कपाटातच ठेवावी.